हमीद दलवाई : बहुधर्मीय समाज, पक्षीय राजकारण आणि एका मराठी लेखकाचा जीवनक्रम

१. प्रास्ताविक

मराठी वाङ्मयेतिहासात हमीद दलवाई यांचा उल्लेख प्रायः 'इंधन' या कादंबरीच्या संदर्भात येतो. सामाजिक चळवळींच्या इतिहासात तो मुस्लिम सत्यशोधक मंडळाचे संस्थापक म्हणून येतो. हे दोन उल्लेख दोन स्वतंत्र प्रकरणांत राहिल्यामुळे कथाकार दलवाई आणि सुधारक दलवाई ही जणू दोन वेगळी माणसे आहेत, असा समज रूढ झालेला दिसतो. वाङ्मयाच्या अभ्यासकाला त्यांचे राजकीय लेखन आपल्या कक्षेबाहेरचे वाटते. राजकीय विचारांच्या अभ्यासकाला त्यांचे कथात्म साहित्य हा त्यांच्या उमेदवारीचा काळ वाटतो. वस्तुतः त्यांच्या अवघ्या ४४ वर्षांच्या आयुष्याकडे सलगपणे पाहिल्यास एकच प्रश्न त्याच्या मुळाशी असल्याचे आढळते. अनेक धर्मांच्या समाजात माणूस प्रथम नागरिक असतो की प्रथम आपल्या जमातीचा घटक असतो, हा तो प्रश्न होय. कादंबरीत त्यांनी हा प्रश्न एका गावाच्या पातळीवर अनुभवला, तर लेखांत आणि चळवळीत तो देशाच्या पातळीवर मांडला. या दृष्टीने त्यांच्या जीवनक्रमाचा येथे विचार करावयाचा आहे.

२. मिरजोळी : घडणीचा काळ

दलवाई यांचा जन्म २९ सप्टेंबर १९३२ रोजी रत्नागिरी जिल्ह्यातील चिपळूणजवळच्या मिरजोळी या गावी झाला. कोकणी मुसलमानांचा हा प्रदेश. येथील मुस्लिम समाज शतकानुशतके स्थायिक झालेला, शेती, व्यापार आणि समुद्रपर्यटन यांवर जगणारा, आणि घरी कोकणी-मराठीच्याच एका बोलीत व्यवहार करणारा आहे. उत्तर हिंदुस्थानातील मुस्लिम समाजाला मोगल सत्तेची आणि उर्दू अभिजनांच्या संस्कृतीची जी स्मृती होती, ती येथे परंपरेने आलेली नव्हती. ती विसाव्या शतकात राजकारणाच्या वाटेने आली. चाळिशीच्या दशकात मुस्लिम लीगचा प्रचार कोकणच्या खेड्यांपर्यंत पोहोचला, तेव्हा शेजाऱ्याची भाषा बोलणाऱ्या या समाजालाही आपण वेगळे राष्ट्र आहोत असे सांगितले जाऊ लागले. फाळणी झाली त्या वेळी दलवाई पंधरा वर्षांचेही नव्हते. आपल्या गावाशी कोणताही भौगोलिक संबंध नसलेल्या पाकिस्तानच्या कल्पनेने आपल्याच आप्तेष्टांच्या मनाचा ताबा कसा घेतला, हे त्यांनी त्या वयात पाहिले. पुढील आयुष्यात त्यांनी मुस्लिम राजकारणाची जी चिकित्सा केली, तिचे बीज या अनुभवात शोधता येते.

दुसरा संस्कार राष्ट्र सेवा दलाचा. सेवा दलाच्या शाखेने त्यांना समाजवाद दिला, भिन्न जातिधर्मांच्या समवयस्कांचा सहवास दिला आणि मराठीतून वैचारिक लेखन करण्याची सवय लावली. चिपळूणनंतर ते मुंबईत आले आणि समाजवादी चळवळीशी जोडलेले राहून लिहू लागले. उर्दू ही मुसलमानांची आणि मराठी ही हिंदूंची भाषा, ही विभागणी त्यांना कधीच मान्य झाली नाही. मराठी ही त्यांनी स्वीकारलेली परकी भाषा नव्हती. ती त्यांच्या घराची आणि गावाची भाषा होती, आणि त्यांच्या पुढच्या साऱ्या भूमिकेत ही गोष्ट गृहीत आहे.

१९५६ मध्ये मेहरुन्निसा यांच्याशी त्यांचा विवाह झाला. विवाह इस्लामी पद्धतीने झाला, तथापि त्यानंतर विशेष विवाह कायद्याखाली त्याची नोंदणीही करण्यात आली. धार्मिक कायद्याने पतीला दिलेले एकतर्फी अधिकार स्वतःच्या संसारात नाकारण्याची ही कृती होती, आणि ती त्यांच्या जाहीर भूमिकेच्या दहा वर्षे आधीची आहे. पुढे अर्थार्जनाचा मोठा भार मेहरुन्निसा यांनी उचलला. चळवळीतही त्या अखेरपर्यंत सक्रिय राहिल्या. १९९५ मध्ये प्रसिद्ध झालेले त्यांचे आत्मकथन 'मी भरून पावले आहे' हे दलवाई यांच्या चरित्राचे एक महत्त्वाचे साधन ठरले आहे.

३. कथाकार दलवाई

'लाट' हा दलवाई यांचा कथासंग्रह. त्यानंतर १९६५ मध्ये 'इंधन' प्रसिद्ध झाली आणि तिला राज्य पुरस्कार मिळाला. कोकणातील मुस्लिम जीवन मराठी कादंबरीत आतून आणि इतक्या निःसंकोचपणे प्रथमच येत होते. दीर्घ काळाने, आजारपणानंतरच्या विश्रांतीसाठी गावी परतलेला एक निवेदक आणि बदललेले गाव, एवढाच तिचा सांगाडा आहे. निवेदक धर्म न पाळणारा, सार्वजनिक कार्यात रमलेला असा आहे. गावात मुसलमान आहेत, कुळवाडी आहेत, ब्राह्मण आहेत, नवबौद्ध आहेत. त्यांच्यातील जुने संबंध सलोख्याचे दिसत असले तरी ते समतेचे नव्हते. जमिनीची मालकी, मानपान आणि स्त्रीपुरुषसंबंध यांच्या एका अलिखित रचनेवर ते उभे होते.

ही रचना का कोसळते, याचे कादंबरीने दिलेले उत्तर विशेष लक्षणीय आहे. १९४८ चा कूळकायदा आणि १९४९ चा खोती निर्मूलनाचा कायदा यांनी कोकणातील सत्तासंबंध मुळापासून हलवले. कसणारा मालक होऊ लागला, दलित वर्ग गावकीची कामे नाकारू लागला आणि जुन्या प्रतिष्ठितांना आपली जागा डळमळीत झाल्याचे जाणवू लागले. या बदलातून जो ताण निर्माण झाला, त्याला व्यक्त होण्यासाठी धर्माची भाषा मिळाली. भांडण जमिनीचे, मानाचे अथवा वासनेचे असते, परंतु पेटते ते हिंदू आणि मुसलमान यांचे म्हणून. शीर्षकाचा अर्थही येथेच उलगडतो, कारण माणसांची खासगी वैरे सामुदायिक आगीचे सरपण होतात. अखेरीस हिंसेने उद्ध्वस्त झालेले गाव सोडून निवेदक परततो. त्याच्या सद्भावनेने काहीही थांबत नाही.

या कादंबरीत कोणताही धर्मसमूह निर्दोष नाही आणि कोणी सर्वस्वी खलही नाही. दलवाई यांनी स्वतःच्या समाजाचे दोष जितक्या स्पष्टपणे दाखवले, तितक्याच स्पष्टपणे इतरांचेही दाखवले. मात्र निवेदकाचे असाहाय्यपण हे या कृतीचे खरे केंद्र होय. समंजस, पुरोगामी, एकटा माणूस सामुदायिक वेडापुढे काहीच करू शकत नाही, या जाणिवेवर कादंबरी थांबते. त्यांचे पुढील आयुष्य म्हणजे या शेवटाला दिलेले प्रत्युत्तर होते, असे म्हणता येईल. एकट्याने काही होत नसेल तर एकट्यांची संघटना उभारली पाहिजे, या निष्कर्षाकडे ते वळले आणि कथालेखन क्रमशः मागे पडले.

४. लेखणीकडून रस्त्याकडे

आचार्य अत्रे यांच्या 'मराठा' दैनिकात दलवाई यांनी पत्रकारिता केली. 'साधना' साप्ताहिकाशीही त्यांचा निकटचा संबंध होता. साठच्या दशकातील घटनांनी त्यांच्या लेखनाला दिशा दिली. १९६१ मध्ये जबलपूरला दंगल झाली, १९६४ मध्ये मुस्लिम संघटनांची मजलिसे मुशावरत स्थापन झाली, १९६५ मध्ये भारत-पाकिस्तान युद्ध झाले. स्वातंत्र्यानंतर मिटला असे मानलेला प्रश्न मिटलेला नाही, हे या घटनांनी दाखवून दिले.

१८ एप्रिल १९६६ रोजी त्यांच्या पुढाकाराने मुंबईत सात मुस्लिम स्त्रियांचा मोर्चा विधिमंडळावर गेला. तोंडी तलाक आणि बहुपत्नीत्व बंद करावे, सर्व नागरिकांसाठी समान नागरी कायदा करावा, अशा त्यांच्या मागण्या होत्या. मोर्चात मेहरुन्निसाही होत्या. सात ही संख्या अनेकांना उपहासास्पद वाटली. तथापि मुस्लिम स्त्रियांनी स्वतःच्या कायदेशीर हक्कांसाठी उघडपणे रस्त्यावर येण्याची ही आरंभीची घटना होय, आणि तिचे महत्त्व संख्येवर अवलंबून नाही.

या मागण्यांमागील कायदेशीर स्थिती ध्यानात घेणे आवश्यक आहे. १९३७ च्या शरियत कायद्याने मुसलमानांच्या विवाह, घटस्फोट, वारसा आदी बाबींत स्थानिक रूढींऐवजी धार्मिक कायदा लागू केला. १९३९ च्या कायद्याने मुस्लिम स्त्रीला न्यायालयाकडून घटस्फोट मिळवण्याची काही कारणे उपलब्ध झाली, परंतु पतीचा एकतर्फी तलाकचा अधिकार अबाधित राहिला. स्वातंत्र्यानंतर १९५५-५६ मध्ये हिंदू कायद्याची पुनर्रचना झाली. मुस्लिम कायद्याला मात्र हात लावला गेला नाही, आणि राज्यघटनेच्या ४४ व्या अनुच्छेदातील समान नागरी कायद्याचे तत्त्व मार्गदर्शक तत्त्वच राहिले. राज्य धर्मनिरपेक्ष असेल, तर एका धर्माच्या स्त्रीला जे संरक्षण दिले ते दुसऱ्या धर्माच्या स्त्रीला नाकारण्यास आधार कोणता, हा दलवाई यांचा मूळ प्रश्न होता.

पुढील काळात त्यांनी देशाच्या विविध भागांत हिंडून मुस्लिम समाजाची पाहणी केली. १९६८ मध्ये 'मुस्लिम जातीयतेचे स्वरूप : कारणे व उपाय' हे पुस्तक प्रसिद्ध झाले. पुढे ज्याला जमातवाद म्हटले जाऊ लागले, त्यासाठी या शीर्षकात त्या काळी रूढ असलेला जातीयता हा शब्द आहे. दिलीप चित्रे यांनी त्यांचे लेखन इंग्रजीत आणले आणि 'मुस्लिम पॉलिटिक्स इन सेक्युलर इंडिया' या पुस्तकाद्वारे ते महाराष्ट्राबाहेर पोहोचले.

५. पक्षीय राजकारणाची चिकित्सा

दलवाई यांच्या विवेचनाचा गाभा असा की, मुस्लिम प्रश्नाचे मूळ केवळ दारिद्र्यात किंवा बहुसंख्याकांच्या अन्यायात नाही. आत्मपरीक्षणाची परंपरा या समाजात बळावली नाही, हेही त्याचे तितकेच मोठे कारण आहे. हिंदू समाजात एकोणिसाव्या शतकापासून धर्मचिकित्सा करणारा एक वर्ग उभा राहिला, आणि त्याने आपल्याच समाजाचा रोष पत्करला. मुस्लिम समाजात असा वर्ग अत्यंत क्षीण राहिला. ज्यांना राष्ट्रीय मुसलमान म्हटले जात होते, त्यांतील अनेक धर्मपंडित फाळणीच्या विरोधी असले तरी सामाजिक बाबतीत सनातनीच होते, याकडे त्यांनी लक्ष वेधले. राजकीय निष्ठा आणि आधुनिकता या दोन भिन्न गोष्टी आहेत, हा त्यांचा मुद्दा आजही विचारार्ह आहे.

या विश्लेषणातून पक्षांविषयीची त्यांची टीका निघते. निवडणुकीच्या राजकारणात पक्षाला एकगठ्ठा मते हवी असतात, आणि अशी मते मिळवून देणारा मध्यस्थ बहुधा सनातनी असतो. पक्ष त्याच्याशी बोलणी करतो, त्याला समाजाचा प्रतिनिधी मानतो, आणि त्या मानण्यानेच त्याचे प्रतिनिधित्व पक्के होते. समाजातील सुधारकाकडे मते नसतात, म्हणून तो कोणालाच उपयोगाचा नसतो. काँग्रेसचे वर्तन असे होतेच. परंतु डावे पक्षही त्याला अपवाद नव्हते. केरळात १९६० मध्ये काँग्रेस आणि प्रजा समाजवादी पक्ष यांनी मुस्लिम लीगशी समझोता केला होता, तर १९६७ मध्ये तेथे कम्युनिस्टांच्या नेतृत्वाखालील आघाडीत लीग सामील झाली. त्याच वर्षी उत्तरेत संयुक्त विधायक दलाच्या सरकारांत समाजवादी आणि जनसंघ एकत्र बसले. ज्या चळवळीत दलवाई वाढले, तिलाही सत्तेच्या गणितापुढे तत्त्व आवरते घ्यावे लागत होते.

दुसरीकडे, हिंदुत्ववादी पक्षांना दलवाई यांची मुस्लिम राजकारणावरील टीका सोयीची वाटत होती. तिच्या दुसऱ्या अर्ध्या भागाकडे मात्र त्यांचे दुर्लक्ष होते. हिंदू पुनरुज्जीवनवाद हा प्रथमतः हिंदू समाजातील आधुनिकतेचा शत्रू आहे, आणि तो बळावला तर मुस्लिम सुधारकाच्या पायाखालची जमीनही जाते, अशी दलवाई यांची धारणा होती. समान नागरी कायदा त्यांना स्त्रीच्या न्यायासाठी आणि नागरिकत्वाच्या समतेसाठी हवा होता, अल्पसंख्याकांना नमवण्यासाठी नव्हे. त्यांचे उद्धरण करणाऱ्यांनी हा भेद अनेकदा पुसून टाकला आहे.

६. मुस्लिम सत्यशोधक मंडळ

१९६८ मध्ये प्रा. अ. भि. शहा यांच्या पुढाकाराने इंडियन सेक्युलर सोसायटी स्थापन झाली, तिच्या कार्यात दलवाई सहभागी होते. २२ मार्च १९७० रोजी पुण्यात मुस्लिम सत्यशोधक मंडळाची स्थापना झाली. नावातून जोतीराव फुले यांच्या १८७३ च्या सत्यशोधक समाजाशी नाते सांगितले गेले. मुस्लिम सुधारणेचा धागा अरबस्तानात किंवा अलीगढमध्ये न शोधता महाराष्ट्राच्या प्रबोधनपरंपरेत शोधावा, हा या नामकरणाचा आशय होय. सय्यदभाईंसारखे सामान्य कुटुंबांतून आलेले कार्यकर्ते मंडळाला मिळाले. तलाकपीडित स्त्रियांची गाऱ्हाणी ऐकणे, त्यांना कायदेशीर मदत मिळवून देणे, सभा-परिषदा घेणे हे मंडळाचे रोजचे काम झाले. १९७१ मध्ये पुण्यात मुस्लिम महिलांची परिषद भरली. १९७३ मध्ये कोल्हापूरला शिक्षण परिषद झाली. मुस्लिम मुलांनी प्रादेशिक भाषेतून शिकावे, त्याखेरीज त्यांना शिक्षण आणि नोकऱ्यांची दारे उघडणार नाहीत, असा आग्रह मंडळाने धरला.

मंडळाची स्थापना ज्या काळात झाली, तो काळ सुधारणेला अनुकूल नव्हता. १९६९ मध्ये अहमदाबादला भीषण दंगल झाली. मंडळाच्या स्थापनेनंतर दोन महिन्यांच्या आतच, मे १९७० मध्ये, भिवंडी आणि जळगाव येथे दंगली पेटल्या. ज्या समाजाची घरे जळत आहेत, त्याला आपल्या कायद्यातील दोष पाहा असे सांगणे किती अवघड असते, याची कल्पना येथे येते. असुरक्षित समाज आपल्या धार्मिक कायद्यालाच अखेरची तटबंदी मानू लागतो. सुधारकाने तिच्यातील एक दगड हलवला तरी तो शत्रूला वाट करून देत आहे, असे वाटू लागते. दलवाई यांना सभाबंदी, बहिष्कार, धमक्या आणि हल्ले यांना तोंड द्यावे लागले. १९७२ च्या अखेरीस मुंबईत व्यक्तिगत कायद्याच्या रक्षणासाठी मोठे अधिवेशन भरले आणि १९७३ मध्ये अखिल भारतीय मुस्लिम पर्सनल लॉ बोर्ड अस्तित्वात आले. सुधारणेच्या मागणीपेक्षा तिचा प्रतिकार अधिक संघटित झाला आणि सत्ताधाऱ्यांनी संवादासाठी त्यालाच निवडले.

७. अखेरची वर्षे

या धकाधकीतच मूत्रपिंडाच्या विकाराने दलवाई यांना ग्रासले. दीर्घ उपचार आणि शस्त्रक्रिया होऊनही ३ मे १९७७ रोजी मुंबईत त्यांचे निधन झाले. आणीबाणी नुकतीच संपली होती आणि जनता पक्षाचे सरकार येऊन जेमतेम सहा आठवडे झाले होते. आपल्या देहावर कोणतेही धार्मिक संस्कार न करता विद्युतदाहिनीत दहन करावे, अशी त्यांची इच्छा होती आणि ती पाळण्यात आली. दफनाच्या परंपरेत जन्मलेल्या माणसाची ही इच्छा अनेकांना, त्यांच्या काही सहानुभूतिदारांनाही, समाजापासून अकारण तुटणारी वाटली. दलवाई यांनी मात्र खासगी जीवन आणि जाहीर भूमिका यांत अंतर राखण्याची मुभा स्वतःला कधीच दिली नव्हती.

८. मूल्यमापन

दलवाई यांच्या निधनानंतरच्या घटनांनी त्यांचा प्रश्न पुन्हा पुन्हा वर आणला. १९८५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने शाहबानो प्रकरणी पोटगीचा निर्णय दिला, आणि १९८६ मध्ये संसदेने वेगळा कायदा करून त्याचा परिणाम बोथट केला. त्याच वर्षी अयोध्येतील वास्तूचे कुलूप उघडण्याच्या घटनेने दुसऱ्या बाजूच्या राजकारणाला बळ मिळाले. दोन्ही जमातवाद एकमेकांना पोसतात, हे दलवाई यांनी आधीच ओळखले होते. २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने एका दमात दिलेला तिहेरी तलाक अवैध ठरवला आणि २०१९ मध्ये तो दंडनीय गुन्हा ठरवणारा कायदा झाला. सात स्त्रियांच्या मोर्चातील एक मागणी अशा रीतीने पन्नासहून अधिक वर्षांनी अंशतः पूर्ण झाली. मात्र तो कायदा ज्या राजकीय वातावरणात आला, ते दलवाई यांच्या कल्पनेतील सुधारणेचे वातावरण होते काय, हा प्रश्न शिल्लक राहतो. समाजाच्या आतून उठलेली मागणी आणि समाजाबाहेरच्या सत्तेने लादलेला बदल यांचे फलित सारखे दिसले, तरी अर्थ सारखा नसतो.

त्यांच्या भूमिकेवरील आक्षेपांचीही दखल घेतली पाहिजे. धर्मचिकित्सेवर भर देताना मुस्लिम समाजाच्या आर्थिक मागासलेपणाकडे आणि त्याच्या अंतर्गत जातिरचनेकडे त्यांचे पुरेसे लक्ष गेले नाही, असा आक्षेप पुढील पिढीतील काही मुस्लिम अभ्यासकांनी घेतला. १९९० मध्ये सोलापूरला पहिले मुस्लिम मराठी साहित्य संमेलन भरले. त्या चळवळीतील अनेकांनी मराठीशी असलेले नाते ठामपणे सांगितले, पण दलवाई यांच्याइतके धर्मापासून दूर जाणे त्यांना आवश्यक वाटले नाही. २००६ च्या सच्चर समितीच्या अहवालाने शिक्षण आणि रोजगारातील मागासलेपण आकडेवारीनिशी पुढे आणले, तेव्हा या आक्षेपाला आधार मिळाला. श्रद्धावान माणसाला सोबत घेऊन जाणारी भाषा दलवाई यांना सापडली नाही, असेही म्हणता येते. फुले यांनी धर्मचिकित्सेबरोबर सार्वजनिक सत्यधर्माची मांडणी केली. दलवाई यांच्याकडे श्रद्धेच्या जागी ठेवण्यासाठी नागरिकत्व होते. ते न्याय्य होते, पण सामान्य माणसाला ते पुरेसे ऊबदार वाटले नाही.

या मर्यादा मान्य करूनही एक गोष्ट उरते. २०१० मध्ये रामचंद्र गुहा यांनी आधुनिक भारताच्या शिल्पकारांविषयीच्या आपल्या संकलनात दलवाई यांचा समावेश केला आणि राजकीय विचारवंत म्हणून त्यांना देशपातळीवर पुन्हा मान्यता मिळाली. मराठीच्या अभ्यासकांनी यापुढे जाऊन 'इंधन' आणि त्यांचे वैचारिक लेखन एकत्र वाचले पाहिजे. वैचारिक लेखनात मुस्लिम मनोवृत्तीविषयी जी सामान्य विधाने येतात, त्यांना कादंबरीतील जमीन, जात आणि स्त्री यांचे तपशील छेद देतात आणि पूरही देतात. टीकाकारांना लेखांत जो आर्थिक-सामाजिक आशय अपुरा वाटला, तो कादंबरीत विपुल आहे. विचारवंत दलवाई यांना उणा वाटणारा पुरावा कथाकार दलवाई यांनी आधीच नोंदवून ठेवला होता. हे दोन्ही भाग वेगवेगळ्या कप्प्यांत ठेवले गेले, म्हणूनच एका पक्षाला ते आपले वाटले आणि दुसऱ्याला परके. सलग वाचल्यास ते कोणत्याच पक्षाच्या सोयीचे उरत नाहीत. बहुधर्मीय समाजातील मराठी लेखक म्हणून त्यांचे स्थान ठरवताना या गैरसोयीपासूनच आरंभ करावा लागेल.